पेट्रोलपंपाची पाटी आणि नियमांतील सूट : अमेरिकेंतील कांहीं कागदपत्रांचा विचार

सनदा, महजर, ताम्रपट आणि शिलालेख यांच्या वाचनांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या विद्वानांपुढें पेट्रोलपंपावरील पाटीचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं थट्टेचें वाटण्याचा संभव आहे. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यानें पाहावीं म्हणून उघड्यावर उभीं केलेलीं अक्षरें हें शिलालेखाचेंहि लक्षण आहे आणि पाटीचेंहि. शिलाहारकालीन गधेगाळ लोकांच्या दृष्टीस पडावा म्हणूनच उघड्यावर उभा केला गेला. भेद इतकाच कीं, गधेगाळ राजसत्तेच्या बळावर उभा राहिला. पेट्रोलपंपाची पाटी व्यापारी उभी करतो, आणि ती किती उंच, किती रुंद व किती झगझगीत असावी हें सांगण्यास राजसत्ता मागाहून येते. या ओढाताणींतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या सव्वाशें वर्षांत जो कागद निर्माण झाला तो अफाट आहे.

त्या कागदांत नगरसभांनीं केलेले नियम आहेत, न्यायालयांचे निवाडे आहेत, आणि नियमांतून सूट मागणारे अर्ज व त्यांवर बसलेल्या मंडळांचीं टिपणें आहेत. नियमांवर आणि निवाड्यांवर तिकडील कायदेपंडितांनीं मोठमोठे ग्रंथ रचले आहेत. अर्ज व टिपणें मात्र गांवोगांवच्या कचेऱ्यांतील कपाटांत पडून असतात. आमचें म्हणणें असें कीं, पाटीचा खरा इतिहास या उपेक्षित कागदांत आहे. नियम हा नगरसभेची इच्छा सांगतो. सूट काय दिली व कां दिली यावरून त्या गांवांत प्रत्यक्ष काय घडलें तें कळतें.

पेट्रोलपंप हा मुळांत किराणा दुकानाच्या पोटीं जन्मला. आरंभीं मोटारीचें तेल डब्यांतून, किराणा व लोखंडी सामानाच्या दुकानांत मिळत असे. इंडियाना संस्थानांतील फोर्ट वेन येथें सिल्व्हेनस बाउझर यानें १८८५ सालीं रॉकेल मोजून देणारा पंप तयार करून विकला. त्याचीच पुढील पिढी मोटारींस तेल देऊं लागली. (विमानांत इंधन भरणाऱ्या गाडीस आपल्याकडेहि 'बाउझर' म्हणतात, तें याच गृहस्थाचें आडनांव.) मोटारी वाढल्या तसे हे पंप दुकानांपुढें पदपथाच्या कडेला उभे राहिले. मोटारींच्या रांगांनीं रस्ते अडूं लागले, आगीचें भय वाढलें, आणि नगरसभांनीं पंप रस्त्यावरून हलविण्यास लावलें. १ डिसेंबर १९१३ रोजीं गल्फ कंपनीनें पिट्सबर्ग येथें मोटार आंत घेऊन तेल भरण्याची स्वतंत्र जागा उघडली. पंप रस्त्यापासून आंत सरकला, तेव्हां त्याला दुरून ओळखूं येईल अशी खूण लागली. प्रथम ती पंपाच्या माथ्यावरील दुधी कांचेच्या गोलांत होती. कोठें शेल कंपनीचा शिंपला, कोठें स्टँडर्ड ऑइलचा मुगुट. पुढें ती खांबावर चढली. यावरून आम्ही असें अनुमान करतों कीं, पंपास आंत ढकलणारा नियमच पाटीस वर चढविण्यास कारण झाला. पाटी हें नियमाचें अपत्य आहे, आणि पुढील सर्व भांडण हें एका अर्थीं बापलेकांचें आहे.

जाहिरातीच्या फळ्यांवर नगरसभांचा रोष या पंपांच्याहि आधींचा. न्यू जर्सी संस्थानांतील पॅसेइक शहरानें असा नियम केला होता कीं, फळी जमिनीपासून आठ फुटांहून उंच नसावी आणि रस्त्याच्या हद्दीपासून निदान दहा फूट आंत असावी. १९०५ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो रद्द केला. सौंदर्य ही चैनीची बाब आहे, गरजेची नव्हे, आणि भरपाईवांचून कोणाच्या मालमत्तेवर हात टाकावयाचा तर गरजच दाखविली पाहिजे, असा त्या निवाड्याचा आशय. सहा वर्षांनीं, १९११ सालीं, मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानें सेंट लुइस शहराचा अशाच जातीचा नियम गनिंग जाहिरात कंपनीविरुद्ध कायम केला. पण त्यांत सौंदर्यावर भर नाहीं. फळ्यांच्या मागें घाण सांचते, चोर दडतात, अनाचार चालतो, आग लागते, वाऱ्यानें फळ्या कोसळतात, अशी दीर्घ यादी दिलेली आहे. तो निवाडा वाचतांना असें वाटतें कीं, न्यायाधीश बोलत आहेत एक आणि त्यांच्या मनांत आहे दुसरें. सौंदर्य हा लोकहिताचा भाग होय हें वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यांत मान्य केलें, म्हणून तेव्हांपासून सौंदर्यास कायद्यांत प्रवेश मिळाला असें पुष्कळ लिहिलें जातें. आमच्या मतें सौंदर्य १९११ सालापासून पहारेकऱ्याचा वेष घेऊन आंत बसलेलें होतें.

तथापि वाऱ्याचें कारण हा सर्वस्वीं बहाणा नव्हे, हें मुंबईच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. १३ मे १९२४ नव्हे, तर अगदीं परवांच्या १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथील छेडानगरांत वादळी वाऱ्यानें सुमारें १२० फूट उंच व तितकाच रुंद जाहिरातफलक खालच्या पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची होती. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यांतील असल्यामुळें महापालिकेची परवानगी लागते कीं नाहीं, हाच वादाचा विषय होऊन बसला होता. म्हणजे तेथें नियमास सूट दिलेली नव्हती, तर नियम लागूच नाहीं असें धरून चालण्यांत आलें होतें. या दोहोंतील अंतर पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्याचें ३२८ वें कलम आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या पाट्यांविषयीं आहे, व ३२८-अ हें इतर जाहिरातींविषयीं. ३२८ मधील व्याख्येंत खांब, चौकट यांबरोबर जाहिरातीसाठीं सोडलेला फुगा आणि हवाई छत्रीहि येते. हीच शब्दयोजना लंडनच्या १८९१ च्या आकाशपाट्यांच्या कायद्यांत आढळते. दोन पाठ शेजारीं ठेवून वाचले तर एकावरून दुसरा उतरला आहे याविषयीं पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यास शंका राहणार नाहीं.

अमेरिकेकडे परत वळूं. शिकागो शहराचा नियम असा होता कीं, वस्तीच्या रस्त्यावर बारा चौरस फुटांहून मोठी फळी उभारावयाची तर त्या तुकड्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ज्यांची दर्शनी जमीन आहे त्यांपैकीं अर्ध्याहून अधिक जागेच्या मालकांची लेखी संमति पाहिजे. क्युसॅक कंपनीनें त्यावर भांडण केलें व १९१७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत ती हरली. या निवाड्याचें महत्त्व आम्हांस निराळ्या कारणानें वाटतें. येथें शेजाऱ्याची सही प्रथमच पाटीच्या नशिबाशीं इतकी घट्ट बांधलेली दिसते. मनाई सर्वांस सारखी, पण शेजारी राजी असतील तर ती उठते. सुटीचें बीज या तरतुदींत आहे.

यानंतर झोनिंगचा, म्हणजे शहराची जमीन उपयोगाप्रमाणें विभागून देण्याचा काळ सुरू होतो. न्यूयॉर्क शहरानें २५ जुलै १९१६ रोजीं असा सर्वांगीण नियम प्रथम केला. परंतु त्याची घटनात्मक कसोटी लागली ती ओहायो संस्थानांत, क्लीव्हलंडला लागून असलेल्या युक्लिड नांवाच्या लहानशा गांवीं. तेथील नगरसभेनें १३ नोव्हेंबर १९२२ रोजीं गांवाची जमीन उपयोगाच्या सहा वर्गांत वांटली. अँब्लर नांवाच्या जमिनीच्या व्यापारी कंपनीची ६८ एकर जमीन त्यांत अडकली व ती न्यायालयांत गेली. २२ नोव्हेंबर १९२६ रोजीं न्यायमूर्ति सदरलंड यांनीं सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचा निवाडा दिला, व गांव जिंकलें. योग्य वस्तु अयोग्य जागीं गेली कीं उपद्रव होतो, असें सांगतांना त्यांनीं गोठ्याऐवजीं दिवाणखान्यांत शिरलेल्या डुकराचा दृष्टांत दिला आहे. तो तिकडे म्हणीसारखा झाला.

पण दृष्टांताहून त्या निवाड्यांत उतरवून घेतलेली सहा वर्गांची यादी अधिक मौल्यवान आहे. आपण बारा बलुत्यांची यादी जशी मानपानाच्या दृष्टीनें वाचतों, तशीच ती वाचावी. पहिल्या वर्गांत एकेका कुटुंबाचीं स्वतंत्र घरें, शेती, उद्यानें. दुसऱ्यांत दोन कुटुंबांचीं घरें. तिसऱ्यांत चाळवजा इमारती, उतारूगृहें, देवळें, शाळा, रुग्णालयें. चौथ्यांत पेढ्या, नाटकगृहें, किरकोळ दुकानें, आणि एक हजार गॅलनपर्यंत सांठा असणारे पेट्रोलपंप. त्यांच्याच ओळींत मोटारी ठेवण्याचीं सार्वजनिक घरें आणि पांचांहून अधिक घोडे नसलेले तबेले. १९२२ सालीं मोटार व घोडा एका पंक्तीस बसत होते याचा याहून चांगला पुरावा कोणता? पांचव्या वर्गांत जाहिरातीच्या फळ्या व पाट्या, आणि त्याहि 'परवानगी असल्यास' अशा अटीवर. शेजारीं बर्फाचे कारखाने व वखारी. सहाव्यांत मैला व कचरा जाळण्याच्या जागा, स्मशानें, तुरुंग, वेड्यांचीं इस्पितळें. म्हणजे जाहिरातीची पाटी ही पेट्रोलपंपाहून एक पायरी खालीं आणि स्मशानाहून एक पायरी वर. आतां प्रश्न असा पडतो कीं, पंपाच्या स्वतःच्या अंगणांत, त्याच्याच नांवाची जी पाटी उभी राहावयाची ती चौथ्या वर्गांतली कीं पांचव्या? निवाड्यांतील यादींत तिचा वेगळा उल्लेख नाहीं. जागेवरची पाटी आणि परजागेची पाटी हा भेद पुढें शंभर वर्षें न्यायालयांस पुरला, त्याचें मूळ या मौनांत आहे.

नियम इतका बारकाईचा झाल्यावर तो कोठें ना कोठें अन्यायाचा होणारच, हें नियमकर्त्यांस ठाऊक होतें. न्यूयॉर्कनें १९१६ सालींच अपिलांचें मंडळ नेमलें. पुढें हर्बर्ट हूव्हर हे व्यापारखात्याचे मंत्री असतां त्या खात्यानें संस्थानांसाठीं झोनिंगचा एक नमुना-कायदा तयार करविला. तो १९२२ सालीं चक्रमुद्रित स्वरूपांत निघाला, १९२४ सालीं छापला व १९२६ सालीं सुधारून पुन्हां प्रसिद्ध झाला. त्याच्या सातव्या कलमांत पांच सभासदांच्या मंडळाची योजना आहे. जमिनीच्या विशेष परिस्थितीमुळें नियमाचा अक्षरशः अंमल केल्यास विनाकारण हाल होत असतील, तर नियमाचा हेतु राखून व न्याय साधून मंडळानें सूट द्यावी; अर्जदाराच्या बाजूनें निर्णय होण्यास पांचांपैकीं चार मतें पाहिजेत; सुनावणी उघड व्हावी; कोणीं कोणतें मत दिलें, कोण गैरहजर, हें टिपणांत लिहावें; आणि तें टिपण ताबडतोब कचेरींत दाखल होऊन कोणासहि पाहतां यावें. या सुटीस तिकडे व्हेरिअन्स म्हणतात.

हें कलम वाचतांना आम्हांस महजराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाहीं. गोतसभा बसली, हजर असामींचीं नांवें लिहिलीं, शेजारच्या गांवचे पाटील बोलाविले, दोहों पक्षांचे तक्रार-करीने ऐकले, आणि शेवटीं पाटलानें नांगराची व बलुत्यांनीं आपापल्या हत्याराची निशाणी केली. तशीच ही सभा. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत तर अर्जाच्या जमिनीस लागून असलेल्या मालकांस, समोरच्यांस, आणि ३०० फुटांच्या आंत असतील तर त्या शेजाऱ्यांच्याहि शेजाऱ्यांस नोटीस पाठवावी लागते. आपल्या खरेदीखतांतील चतुःसीमा येथें बोलूं लागल्या आहेत असें म्हणावें. एक भेद मात्र मोठा आहे. महजर परंपरेनें काय चालत आलें याचा शोध घेतो. व्हेरिअन्सचें मंडळ उलट, चालत आलेल्या नियमास एका जागेपुरतें बाजूस सारतें. म्हणूनच त्याच्या टिपणांत कारणें द्यावीं लागतात, आणि तीं कारणें हेंच संशोधकाचें धन आहे.

पेट्रोलपंपांच्या अर्जांत वारंवार येणारीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. जमीन रस्त्याच्या पातळीहून खालीं आहे; वळणामुळें मोटार जवळ येईपर्यंत पाटी दिसत नाहीं; नवा उड्डाणरस्ता झाल्यामुळें जुनी पाटी त्याच्या खालीं गेली; सरकारनेंच लावलेलीं झाडें वाढून आड आलीं; समोरच्या पंपाची पाटी नियम होण्यापूर्वींची असल्यामुळें दुप्पट उंच आहे. शेवटीं एक कारण हमखास येतें, तें असें कीं, कंपनीच्या पाट्या कारखान्यांतून ठराविक मापाच्याच येतात. पहिल्या कांहीं कारणांत जमिनीचा दोष आहे. शेवटल्यांत अर्जदाराच्या सोयीखेरीज कांहीं नाहीं. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें १९३९ सालीं ओटो विरुद्ध स्टाइनहिल्बर या खटल्यांत जो कस ठरविला तो असा : त्या उपयोगानें जमिनीचें वाजवी उत्पन्न येत नसावें, अडचण त्याच जमिनीची असावी, सबंध आळीची नव्हे, आणि सूट दिल्यानें वस्तीचें मूळ स्वरूप बदलूं नये. तो खटला पाटीचा नव्हता. पण पाट्यांच्या मंडळांपुढेंहि अडचण मालकाची कीं जमिनीची हा प्रश्न सुटलेला नाहीं. मॅसॅच्युसेट्सचा १९७५ चा कायदा त्याहून कडक आहे. तो मातीची स्थिति, आकार किंवा चढउतार यांतच अडचणीचें कारण दाखवा म्हणतो. कारखान्याचें माप हें मातीचें लक्षण नव्हे, एवढें उघड आहे.

मापाविषयींचे वादहि थोडे नाहींत. पाटीस दोन तोंडें असतील तर क्षेत्रफळ एकदां मोजावें कीं दोनदां? पंपावरील छपराच्या कडेला कंपनीच्या रंगाचा जो पट्टा असतो तो पाटी कीं रंगकाम? खांब धरून उंची कोठून मोजावी, रस्त्यापासून कीं जमिनीपासून? आमच्या जुन्या दप्तरांत शिवधडीचे वाद काठीच्या लांबीवर अडतात, तीच ही जात.

दराचे आंकडे हें प्रकरण आणखी निराळें. १९३० नंतरच्या मंदींत पंपवाल्यांनीं दरांच्या भल्यामोठ्या पाट्या लावून एकमेकांचीं गिऱ्हाइकें ओढण्याची शर्यत लावली. कांहीं पाट्यांवर मोठ्या अक्षरांत दर आणि बारीक अक्षरांत कर, अशी हातचलाखी असे. त्यावर दराची पाटी पंपावरच व लहान मापाची असावी असे नियम झाले. न्यूयॉर्कमध्यें आर्लेन कंपनीच्या खटल्यांत १९४० सालीं, व मॅसॅच्युसेट्समध्यें मेरिट तेल कंपनीच्या खटल्यांत १९४६ सालीं, वरिष्ठ न्यायालयांनीं ते मान्य केले. पुढें काळ फिरला. कॅलिफोर्नियासारख्या संस्थानानें गिऱ्हाइकाच्या हितासाठीं दर रस्त्यावरून दिसलाच पाहिजे असा कायदा केला. ज्या फसवणुकीच्या भयानें दर झांकविला, त्याच भयानें तो उघडविला! पुढें विजेचे बदलते आंकडे आले, आणि हलत्या-बदलत्या प्रकाशाची पाटी लावूं नये अशा जुन्या नियमांशीं त्यांची गांठ पडून मंडळांपुढें नवे अर्ज सुरू झाले.

मोठ्या रस्त्यांचा कायदा थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. १९५८ सालीं जीं संस्थानें नव्या महामार्गांवर जाहिराती आवरतील त्यांस मध्यवर्ती सरकारनें अर्धा टक्का अधिक अनुदान देऊं केलें. २२ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं सही केलेल्या कायद्यानें महामार्गाच्या कडेपासून ६६० फुटांच्या आंतील फळ्यांवर बंधन आलें. परंतु जागेवरच्या पाटीस त्यांतून वगळलें. युक्लिडच्या यादींतील मौन येथें मालकाच्या बाजूनें फुटलें. परिणाम असा झाला कीं, महामार्गाच्या नाक्यांवर पंपांच्या पाट्या मैलभरावरून दिसतील अशा खांबांवर चढल्या, आणि त्यांस आवर घालण्याचें काम पुन्हां गांवच्या मंडळांवर पडलें. व्हरमाँट संस्थानानें मात्र १९६८ सालीं परजागेच्या फळ्या अजिबात बंद करून जागेवरच्या पाटीसहि १५० चौरस फुटांची हद्द घातली.

आतां बोस्टनचें प्रकरण. तें आम्हीं शेवटास ठेवलें, कारण आतांपर्यंतचे सर्व धागे त्यांत येऊन मिळतात. मॅसॅच्युसेट्सनें १९१८ सालीं आपल्या घटनेंतच दुरुस्ती करून सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या जाहिरातींवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार घेतला, आणि १९३५ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें जाहिरात कंपन्यांविरुद्ध निवाडा देतांना सौंदर्याचा विचार करण्यास मोकळीक दिली. यानंतर अवघ्या पांच वर्षांनीं, १९४० सालीं, त्याच बोस्टन शहरांत केनमोर चौकांतील इमारतीच्या माथ्यावर सिटीज सर्व्हिस या तेलकंपनीची प्रचंड पाटी उभी राहिली. १९६५ सालीं कंपनीनें सिट्गो हें नांव घेतलें व तेथें ६० फूट लांब आणि ६० फूट उंच अशी, लाल त्रिकोणाच्या चिन्हाची निऑनच्या नळ्यांची पाटी आली. नळ्यांची एकूण लांबी पांच मैलांहून अधिक भरे. १९७९ सालीं इंधनाच्या टंचाईंत संस्थानचे गव्हर्नर किंग यांनीं काटकसरीचें उदाहरण म्हणून ती विझविण्यास लावलें. १९८३ सालीं कंपनी ती गंजलेली पाटी उतरवूं लागली, तेव्हां कंपनीस कल्पना नसलेली गोष्ट घडली : लोक ती ठेवा म्हणूं लागले. शहराच्या स्मारकमंडळानें पाटी काढण्याचें काम थांबविलें, चर्चा झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टांत पाटी पुन्हां प्रज्वलित झाली. त्या वेळीं तिला स्मारक म्हणून मात्र जाहीर केलें नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत मंडळानें स्मारकाच्या बाजूनें मत दिलें. महापौरांनीं तें नाकारलें, कारण पाटी राखण्याविषयीं कंपनी व इमारतीचे मालक यांच्यांत करार झालेला होता.

हा क्रम लक्षांत घ्यावा. ज्या जातीच्या वस्तूस युक्लिडनें स्मशानाच्या वरची पायरी दिली होती, तीच वस्तु उभी राहिल्यापासून ४३ वर्षांनीं जतन करण्यासारखी ठरली. आणि ती टिकली कशानें? नियमानें नव्हे, स्मारकाच्या सनदेनेंहि नव्हे, तर पुढें ढकलण्याच्या एका हुकुमानें व मागाहून झालेल्या करारानें; म्हणजे पुन्हां सुटीच्याच जातीच्या कागदांनीं. चार्ल्स नदीच्या पलीकडे केंब्रिज येथें शेल कंपनीच्या शिंपल्याची १९३३ सालची पाटी आहे. मूळची बोस्टनमधील कंपनीच्या इमारतीवरील जोडीपैकीं ही एक, १९४४ सालीं नदीकांठच्या पेट्रोलपंपावर आणून बसविली, व १९९४ सालीं तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या पटांत झाली. उत्तर कॅरोलायनांतील विन्स्टन-सेलम येथें तर १९३० च्या सुमारास पंपाची सबंध इमारतच शिंपल्याच्या आकाराची बांधली. अशा आठ इमारतींपैकीं उरलेली ही एकच १९७६ सालीं त्या पटांत चढली. इमारतच पाटी झाल्यावर क्षेत्रफळ कसें मोजावें हें सांगणारा नियम आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें पोथ्या जमविणाऱ्यास सुचेल असा एक प्रश्न आहे. २००५ सालीं बोस्टनच्या पाटींतील निऑनच्या नळ्या काढून त्या जागीं एलईडी दिवे बसविण्यांत आले. मग आज चौकांतून जी दिसते ती अस्सल कीं नक्कल? देवळाचा जीर्णोद्धार झाला तरी देव तोच राहतो असें आपण मानतों, पण सनदेची नक्कल कितीहि हुबेहूब असली तरी तिला अस्सल म्हणत नाहीं. पाटी ही या दोहोंपैकीं कोणत्या जातीची? आमचा कल असा कीं, पाटीचें अस्सलपण तिच्या द्रव्यांत नसून तिच्या जागेंत आहे. पाटी एका ठिकाणाहून एका दिशेस तोंड करून बोलते. ती जागा हीच तिची चतुःसीमा. केंब्रिजची पाटी १९४४ सालीं हलली, म्हणून तिच्यापुरता आमचा सिद्धांत लंगडा पडतो हें कबूल केलें पाहिजे. परंतु ती पंपाच्या आश्रयास गेली, आणि त्या नव्या जागींहि आतां तिला कितीतरी अधिक काळ लोटला आहे.

अलीकडील दोन निवाड्यांचा उल्लेख येथेंच करणें सोयीचें. ॲरिझोनांतील गिल्बर्ट गांवच्या प्रकरणांत २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पाटीवरील मजकूर पाहून नियम बदलत असेल तर तो अत्यंत कडक कसोटीस उतरला पाहिजे. त्यामुळें जागेवरची व परजागेची हा भेदहि बुडतो कीं काय अशी भीति पडली होती. पाटी कोठली हें तिचा मजकूर वाचल्यावांचून कळत नाहीं. २०२२ सालीं ऑस्टिन शहराच्या खटल्यांत न्यायालयानें तो भेद जागेचा आहे, मजकुराचा नव्हे, असें म्हणून राखला. युक्लिडच्या यादीनंतर शहाण्णव वर्षांनीं तिच्या मौनास हें उत्तर मिळालें.

राहिला संग्राहकांचा भाग. अमेरिकेंत पंपांच्या माथ्यावरचे कांचेचे गोल, मिन्याच्या पाट्या, निऑनचीं अक्षरें यांचा मोठा बाजार भरतो. पाटी खांबावरून उतरून भिंतीवर येते, आणि ती कोठें होती, किती उंचीवर होती, कोणाच्या हरकतीस न जुमानतां किंवा कोणाच्या संमतीनें लागली, हें सर्व त्याच दिवशीं पुसलें जातें. प्राप्तिस्थान नसलेल्या ताम्रपटाविषयीं आपण जी हळहळ करतों ती येथेंहि लागू आहे. मॅसॅच्युसेट्सनें या बाबतींत एक चांगली व्यवस्था केली आहे : मंडळानें दिलेली सूट जमिनीच्या खरेदीखतांच्या नोंदणीकचेरींत दाखल झाल्यावांचून अंमलांत येत नाहीं. त्यामुळें पाटी भंगारांत गेली तरी तिचा कागद जमिनीच्या कागदांत बांधलेला राहतो, वतनाच्या फडांत जसे कौल आणि निवाडे राहतात तसा. इतरत्र तें टिपण कचेरीच्या सोयीवर अवलंबून आहे.

आपल्याकडे बर्मा-शेल कंपनी १९२८ सालीं निघाली व १९७६ सालीं सरकारच्या ताब्यांत गेली. तिच्या मिन्याच्या पाट्या पुण्यामुंबईच्या संग्रहांत अधूनमधून दृष्टीस पडतात. त्यांच्याबरोबरचा कागद मात्र आमच्या पाहण्यांत एकहि आलेला नाहीं. १९७६ पूर्वींच्या एखाद्या पेट्रोलपंपाच्या पाटीसाठीं नगरपालिकेनें दिलेला परवाना, शेजाऱ्यांचा हरकत-अर्ज, जागेचा नकाशा किंवा मापाची आकृति ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं तिची नक्कल त्रैमासिकाकडे पाठवावी अशी विनंति आहे. पाटी कोणत्या गांवीं, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस होती व तिचें तोंड कोणीकडे होतें, एवढें तरी पाठीमागें लिहून ठेवावें. अस्सल कागद मालकाकडेच राहील.